आवक क्रमांक

सकाळी पावणेसात.
नळ येऊन नऊ दिवस झालेत, म्हणून अर्ध्या बादलीत आंघोळ.
कपाळावर भस्माची तीन बोटं.
गळ्यातली करडगी उघडून
इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतो
आणि नजर ठेवतो.

बरोबर तेव्हाच
भिंतीपलीकडं हमीदाबीची गिरणी सुरू होते.

आधी पट्टा एकदा खाकरतो,
मग फरशी, मग मांडी, मग पाठीचा मणका.
बेलाचं पान ताटात आपलं आपणच सरकत
काठाला जाऊन बसतं.

एकतीस वर्षं मी उदगीर डेपोत आवक-जावक सांभाळली.
मला लिहिता येतं.
नगरपरिषदेत तीन अर्ज दिले,
तिन्हींचे आवक क्रमांक अजून तोंडपाठ:
आठशे बारा, एक हजार चाळीस, सत्त्याण्णव.
जपात मधेच तेच यायचे.
ओम नमः शिवाय, ओम नमः शिवाय, आठशे बारा.

एकदा तोंडावरच बोललो.
पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून ती म्हणाली,
"अप्पा, आठला लाईट जातीय.
त्याच्या आत लोकांचं दळून नको व्हय?
तुमच्या भाकरीचं बी ह्यातच हाय."
खरं होतं.
खरं होतं म्हणून जास्त राग आला.

लहानपणी दीक्षा देताना अय्यांनी
माझी बोटं एकेक करून सरळ केली होती.
"मूठ वळू नको बाळ.
मूठ वळलास की त्याचा दगड होतोय."
पडू नये म्हणून तर मूठ वळतात;
आठ वर्षांच्या पोराला तेवढंच कळलं.

मग चैत्रात एके सकाळी
कुठल्याशा डीपीत काहीतरी जळालं.
पावणेसात झाले. सात झाले.
गिरणी नाही.
पत्र्यावर चिमणी चालते, तिची नखं ऐकू आली.
पान जागच्या जागी.
एवढीच शांतता मी अर्जात मागितली होती,
"तरी मेहेरबान साहेबांनी" असं लिहून.

आणि मला बसवेना.
कान भिंतीला चिकटलेले.
आता सुरू होईल. आता.
खांदे वर, दात दातांवर,
सगळं अंग एका आवाजाला अडवायला उभं
आणि आवाजच नाही.
दाराला खांदा लावून रेटावं
आणि पलीकडं कुणी नसावंच,
तसा मी आत कोसळलो.

खाली पाहिलं तर मूठ वळलेली.
लिंग आत. अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं.

किती दिवस?
रोजच की काय?

बोटं सरळ केली, एकेक.
करंगळी शेवटपर्यंत ऐकेना.
जुनी कर्मचारी. तिला वेळ दिला.
तळव्यावर गोल वळ उठला होता.

सात पंचवीसला लाईट आली.
पट्टा खाकरला. फरशी, मांडी, मणका.
मी काही केलं नाही.
थरथर तळहातापर्यंत आली,
तिथं अडवायला कुणी नव्हतं,
निघून गेली.
पान सरकत काठाला गेलं. जाऊ दे म्हणलं.

दुसऱ्या दिवशी राग परत आलाच.
तिसऱ्या दिवशीही.
आता नोंद करतो: आवक.
थोड्या वेळानं, कधी बऱ्याच वेळानं: जावक.
काही कागद अजून टेबलावरच आहेत.

रविवारी पिशवी घेऊन गिरणीत गेलो.
"काय करलालाव अप्पा? चौथा अर्ज?"
"नाही. पाच किलो ज्वारी. बारीक दळा."
"हात करा."
सवयीनं डावाच पुढं गेला.
तिनं गरम पीठ चिमूटभर तळहातावर ठेवलं,
"बघा, बसतंय का मनाला."

मी बघत राहिलो.
मागं रांग होती.